सागवानी पिस्तुलं आणि मॅगझीनची कळ

(पडद्यावर: पहाट. ओसरीच्या खांबाला खिळ्यांवर टांगलेली चार लाकडी पिस्तुलं. मागे गोठ्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज.)

वर्धा जिल्हा, देवळी तालुका. गावाचं नाव सांगत नाही, फौजी काकांनी आधीच तशी अट घातली होती. पुलगाव इथून फार लांब नाही. तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, पण त्याच्या भिंतीपलीकडचं काही कुणाला दिसत नाही. गावातल्या पोरांना हत्यारांचं वेड आहे ते बहुधा त्यामुळेच.

खांबावरची ही पिस्तुलं सागवानाची आहेत. जुनं घर पाडलं तेव्हा निघालेल्या चौकटीतून काकांनी ती कोरली. काका फौजेत आर्मरर होते, म्हणजे जवानांची हत्यारं दुरुस्त करणारे. आता कपाशी आणि तूर. पहाटे साडेपाचला मात्र पोलीस भरतीची तयारी करणारी पंधरा-वीस पोरंपोरी अंगणात जमतात. धावणं झालं, गोळाफेक झाली, की कुणीतरी म्हणतंच, "काका, पिस्तूल दाखवा ना."

खरं पिस्तूल या फिल्ममध्ये दिसणार नाही. काकांकडे ते नाहीच. आपल्या कायद्यात 9 एमएमचं पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही. परवानाधारकांकडे जी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं दिसतात ती बहुतेक .32 बोअरची, आणि निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. गावाकडे त्या पिस्तुलाचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळाच. रानडुकरं रात्रीतून अर्धं शेत नांगरल्यासारखं करतात, आणि ती कुणाच्या कमरेचं पिस्तूल बघून पळत नाहीत.

तर, लाकडी पिस्तुलं. नळीचा आकार काकांनी जेमतेम काढलाय. सगळा जीव ओतलाय तो मुठीत, आणि मुठीतल्या एका बारक्या भागात. मॅगझीन, म्हणजे मुठीत सरकणारी गोळ्यांची पेटी, धरून ठेवणारी आणि सोडणारी कळ.

(पडद्यावर: जवळून. काकांचा अंगठा, नखाखाली लाकडाचा भुसा. ते पहिलं पिस्तूल उलटं धरतात.)

या पहिल्याची कळ मुठीच्या बुडाशी आहे, मागच्या बाजूला. एक वाकडी पट्टी, आणि तिने मॅगझीनच्या तळाची कड पकडलेली. काढायची म्हणजे डाव्या अंगठ्याने पट्टी मागे लोटायची आणि त्याच हाताच्या बोटांनी मॅगझीन खाली ओढायची. ती आपोआप पडत नाही. उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हातात मॅगझीन, म्हणजे दोन्ही हात अडकले.

युरोपातली जुनी खिशातली पिस्तुलं बरीचशी अशीच. ब्राउनिंगचं 1910 चं मॉडेल, बेरेटाचं 1934 चं, आणि रशियाचं मकारोव्ह. मकारोव्हची गंमत काका खास रंगवून सांगतात. त्यात हातोड्याला जोर देणारी जी चपटी मेन स्प्रिंग आहे, तिचंच खालचं टोक वळवून मॅगझीनची कळ केली आहे. वेगळा सुटा भागच नाही. "एका बैलावर नांगर बी अन् बंडी बी," काका म्हणतात. आर्मररला अशा पिस्तुलाचं प्रेम वाटणं साहजिक आहे. जितके भाग कमी, तितकी हरवाहरवी कमी.

बेरेटाचं नाव निघालं की काका जरा थांबतात. सेवाग्राम इथून तासाभराच्या अंतरावर. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधीजींवर ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या, ते बेरेटा 1934 होतं. मुठीच्या बुडाशी कळ असलेलं, सात राऊंडच्या, म्हणजे सात गोळ्यांच्या मॅगझीनचं, शर्टाच्या आत मावणारं. काका ते पिस्तूल लगेच खांबाला अडकवून टाकतात.

दुसरं पिस्तूल. इथे कळ म्हणजे गोल बटण, डाव्या बाजूला, ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याच्या मागे, बरोबर अंगठ्याखाली. मॅगझीनच्या अंगावर एक खाच असते, बटणाला जोडलेला दात त्या खाचेत बसतो. बटण दाबलं की दात सरकतो, खाच मोकळी होते, मॅगझीन स्वतःच्या वजनाने खाली येते. तोवर डावा हात दुसरी मॅगझीन काढायला मोकळा. अमेरिकन फौजेच्या 1911 च्या कोल्टमध्ये हीच रचना होती, आणि आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेल्या 9 एमएम 1-ए मध्येही. ते ब्राउनिंगच्या हाय पॉवरचं भावंड, मॅगझीनमध्ये 13 राऊंड.

पण हाय पॉवरमध्ये आणखी एक पुरवणी आहे. मॅगझीन बाहेर असेल तर चाप ओढूनही काही होत नाही, अशी सोय. त्यासाठीचा भाग मॅगझीनला घासतो, त्यामुळे बटण दाबलं तरी ती झटकन सुटत नाही, बऱ्याचदा बोटाने ओढावी लागते. सुरक्षा दिली आणि वेग काढून घेतला. ही देवाणघेवाण मला पटते, काकांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, सोय असली की पोरगं निष्काळजी होतं. मग तेच पोरगं उद्या ऑस्ट्रियन बनावटीचं ग्लॉक पिस्तूल हातात घेतं, मॅगझीन काढतं, आणि समजतं की झालं रिकामं. चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यातला राऊंड तसाच असतो, आणि ग्लॉक मॅगझीनशिवायही तो झाडतं. म्हणून काकांच्या अंगणात लाकडी पिस्तूलसुद्धा मॅगझीन काढून, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढल्याचा अभिनय करून, चेंबरमध्ये करंगळी घातल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. पोरं हसतात. काका हसत नाहीत.

बटणाचं दुसरं दुखणं म्हणजे ते नको तेव्हा दबतं. जीपच्या सीटवर कंबर घासली, होल्स्टर तंग असलं, की मॅगझीन बोटभर खाली सरकते आणि दिसत नाही. पहिली गोळी सुटते, ती चेंबरमधली. दुसरी वर येत नाही.

(पडद्यावर: काका गोठ्यात जातात. बैलाच्या मानेवर जू. त्यांचा हात शिवळेवर.)

इथे काका आम्हाला पिस्तूल सोडून बैलाकडे घेऊन गेले. जुवाला शिवळ असते, म्हणजे टोकाशी खोचलेली लाकडी खुंटी, आणि तिला जोतं, म्हणजे बैलाच्या मानेखालून बांधायचा पट्टा. "बैल पडला त एका हिसक्यात सुटलं पायजे. पन चालता चालता सुटलं, त बंडी कुठं अन् बैल कुठं. आता सांग, हे शिवळ करनारा सुतार कशाले भेत होता?"

आम्ही उत्तर दिलं नाही. पण नंतर फिल्म जुळवताना तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. बुडाशी कळ ठेवणाऱ्याला भीती होती मॅगझीन हरवण्याची. खिशातलं पिस्तूल, सोबत मॅगझीन एखादीच, ती पडली तर हातात लोखंडाचा तुकडा. बटण ठेवणाऱ्याला भीती होती वेळ जाण्याची. आणि 1911 च्या कोल्टचं बघा, सुरुवातीच्या मॅगझीनच्या तळाला एक कडी होती, दोरी ओवायला. घोडेस्वाराची मॅगझीन धावत्या घोड्यावरून पडून जाऊ नये म्हणून. बटण दिलं वेगासाठी, आणि मग दोरीही दिली. दोन्ही भीती एकाच पिस्तुलात!

पिस्तूल लहान म्हणून कळ खालीच, असंही नाही. वाल्थरचं पीपीके 1931 चं, खिशातलंच, पण त्याला बटण आहे.

लहान पिस्तुलाची खरी अडचण वेगळीच असते. ग्लॉक 19 मध्ये 15 राऊंड बसतात आणि मूठ बऱ्यापैकी लांब, तिथे काही वाटत नाही. ग्लॉक 26 आखूड, 10 राऊंडचं, करंगळीला जागा नाही. बटण दाबलं तरी तळहाताची गादी मॅगझीनच्या बुडाला अडवते. पकड ढिली करावी लागते, मगच ती सुटते. काकांनी तिसऱ्या लाकडी पिस्तुलाची मूठ मुद्दाम तेवढीच आखूड कापलीय, आणि मोठ्या हाताच्या पोरांना ते देऊन मजा बघतात.

चौथं पिस्तूल अजून पूर्ण नाही. ते एका मुलीसाठी आहे. ती डावखुरी. डाव्या हातात पिस्तूल धरलं की बटण तिच्या अंगठ्याकडे नाही, तर्जनीकडे येतं. तिने तर्जनीने दाबायची सवय करून घेतली होती, आणि ते चांगलं जमतही होतं. ग्लॉकच्या चौथ्या पिढीत, 2010 पासून, बटण उलट्या बाजूला बसवता येतं. पण काकांना तिला हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीची पद्धत दाखवायची होती. त्यांच्या यूएसपी पिस्तुलात, 1993 पासून, बटणच नाही. ट्रिगर गार्डच्या मागच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पसरलेली एक पट्टी, खाली दाबायची. अंगठ्याने दाबा, तर्जनीने दाबा, डाव्याने, उजव्याने. चुकून दबण्याची शक्यताही कमी, कारण सीट किंवा होल्स्टर बाजूने रेटतं, खाली नाही. माझं मत विचाराल तर तिन्हींत हीच रचना शहाणी. पण बटणाला सरावलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्याच कंपनीला पुढे व्हीपी 9 या पिस्तुलाची बटणवाली आवृत्तीही काढावी लागली. अंगठ्याची सवय मोडत नाही.

(पडद्यावर: ओसरी. मुलगी मांडी घालून बसलेली. काका चिमट्याने बॉलपेनची स्प्रिंग पट्टीखाली बसवतात.)

लाकडी पट्टी बसली. मुलीने डाव्या हातात मूठ धरली, तर्जनी ठेवली, खाली दाबली. मॅगझीन, म्हणजे सागवानाचा गुळगुळीत तुकडा, सुटला आणि सरळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला. तिने पुन्हा बसवला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पट्टी सटकली आणि स्प्रिंग उडून कुटाराच्या ढिगात गेली.

दोघंही पाच मिनिटं कुटार चाळत बसले. मग काका उठून कमरेवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. आन वं दुसरा पेन."