तिसऱ्या लेनमधलं रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

मास्टर्स, म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या, जलतरणपटूंचं क्लासिक रॉकवरून होणारं भांडण हप्त्याहप्त्यानं चालतं. शंभर मीटर पोहायचं, पंधरा सेकंद भिंतीशी थांबायचं, की पुन्हा शंभर. त्या पंधरातले निम्मे सेकंद धापा टाकण्यात जातात. उरलेल्यात कुणीतरी गॉगल कपाळावर चढवून म्हणतं, "लेड झेपेलिनच्या पुढे सगळं पाणी कम चाय." घड्याळाचा काटा साठावर येतो, सगळे भिंतीला पाय देऊन सुटतात, आणि उत्तर मिळतं शंभर मीटरनंतर. "ड्रम वाजायला चार मिनिटं लागतात असलं गाणं तुलाच लखलाभ!"

वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाली की जागतिक पातळीवर मास्टर्समध्ये उतरता येतं. पुढे दर पाच वर्षांचा एक गट. टोकियोला 1986 साली पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा झाली, तेव्हापासून ही मंडळी साठावा, पासष्टावा, सत्तरावा वाढदिवस पेढे वाटावेत अशा उत्साहानं साजरा करतात, कारण नव्या गटात ती सगळ्यांत तरुण ठरतात. या गटांचा आणखी एक फायदा आहे. गट कळला की आवड कळते. माणसाला आयुष्यभर पुरणारं संगीत साधारण पंधरा ते पंचविशीत कानात बसतं. 1955 साली जन्मलेला माणूस सतरा वर्षांचा होता तेव्हा डीप पर्पल या बँडचा 'मशीन हेड' हा अल्बम निघाला. त्याच्याशी त्या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि 'क्लासिक' कशाला म्हणायचं हाही वयाचाच प्रश्न. आमच्या लेनमधल्या धाकट्या भिडूनं निर्वाणा बँडचा 1991 सालचा 'नेव्हरमाइंड' क्लासिकच्या यादीत घातला तेव्हा थोरल्यांनी अक्षरशः पाणी उडवलं. "काका," तो म्हणाला, "निदान माझ्या अल्बमच्या कव्हरवर कुणीतरी पोहतंय तरी!" खरंच आहे, पाण्याखाली तरंगणारं ते बाळ. आता तेही मास्टर्सच्या वयात आलंय म्हणा.

या सगळ्यात गंमत अशी, की पोहताना गाणं ऐकूच येत नाही. काठावर कितीही मोठा स्पीकर लावा, हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. जो थोडा आत शिरतो तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगानं, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, आणि दोन्ही कानांना जवळपास एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे तो कुठून आला तेही समजत नाही. हल्ली गालाच्या हाडातून कानापर्यंत आवाज पोचवणारी यंत्रं मिळतात. सरावाला ती चालतात, शर्यतीत नाही. बाकीच्यांनी गाणं डोक्यात भरून पाण्यात उतरायचं आणि त्यावर हात मारत राहायचं.

म्हणून पाण्यातली आवडनिवड काठावरच्यापेक्षा वेगळी असते. मिनिटाला एकशे वीस ठोक्यांचं गाणं घ्या. दोन ठोक्यांना एक हात धरला की सेकंदाला एक हात पडतो. निवांत फ्रीस्टाइलला ही लय अगदी चपखल बसते. याउलट पिंक फ्लॉइडचं 1973 सालचं 'मनी' घ्या. मात्रा सात! आपल्या रूपकासारख्याच सात. ठोक्याला एक हात धरला तर पहिलं आवर्तन उजव्या हातानं सुरू होतं, दुसरं डाव्या, आणि श्वास घ्यायची बाजू कुठली हे विसरून माणूस नाकातोंडात पाणी घेतो. आमच्यातल्या एका ताईंना हेच गाणं सगळ्यांत आवडतं. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय यानंच लागली, असं त्या सांगतात. गिटारच्या सोलोला गाणं चार मात्रांवर येतं. तिथे त्या आम्हाला मागे टाकतात, तेव्हा आम्ही गप्प बसतो.

लेड झेपेलिनवाल्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती भक्कम आहे. त्यांचं 1971 सालचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं. शंभर मीटरला दोन मिनिटं लागणाऱ्या माणसाचं ते नेमकं चारशे मीटरचं गाणं. सुरुवात सावकाश, ड्रम निम्म्यानंतर, मग वेग चढत जातो. प्रशिक्षक घसा फोडून हेच तर सांगतात: पहिले दोनशे राखून पोहा, शेवटचे दोनशे जोरात काढा. ऐकतं कोण? पहिल्या शंभरातच सगळे जीव तोडतात आणि तिसऱ्या शंभरात बुडायला लागतात. विरोधकांकडे एकच मुद्दा, पण तो बिनतोड आहे. ते गाणं शेवटी पुन्हा संथ होतं, एकटा आवाज उरतो. शेवटचे पाच मीटर असे पोहलात तर शेजारच्या लेनवाला हात लावून मोकळा!

क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी' अर्थातच मेडलीवाल्यांचं, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकार पोहणाऱ्यांचं. दर मिनिटाला नवा प्रकार. त्यातला ऑपेरा म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, असं आमच्याकडे ठरलंय: लोकांना बघायला मजा, करणाऱ्याला शिक्षा.

आता नावडत्यांकडे येते, कारण खरी धमाल तिथे आहे. डोक्यात कुठलं गाणं अडकावं हे आपल्या हातात नसतं. खाली तळाची काळी पट्टी, कानात बुडबुडे, बोलायला कुणी नाही. अशा वेळी मेंदूला जी ओळ सापडते ती तो घासत बसतो, आणि नेमकी नको तीच सापडते. स्टारशिपचं 'वी बिल्ट धिस सिटी' 1985 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि 2011 साली 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्यालाच ऐंशीच्या दशकातलं सर्वांत वाईट गाणं ठरवलं. जेफरसन एअरप्लेनसारख्या साठच्या दशकातल्या बँडच्या वंशात हे निपजावं याचं जुन्या मंडळींना आजही दुःख आहे. दोन्हीकडे आवाज गायिका ग्रेस स्लिकचा! आमच्याकडे मात्र त्या गाण्याचा शस्त्र म्हणून वापर होतो. निघायला दोन सेकंद उरले की मागचा माणूस पुढच्याच्या कानाशी त्याची ओळ गुणगुणतो. झालं! पुढचे शंभर मीटर तो बिचारा तेच शहर बांधत जातो.

यावर उतारा एकच, डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो 1971 च्या डिसेंबरात फ्रँक झापाच्या कार्यक्रमात पेटला आणि धूर जिनिव्हाच्या तळ्यावर पसरला, त्याचं हे गाणं. त्यात पाणी आहे, पण पोहणारं कुणी नाही, अशी तक्रार दरवेळी होतेच. पण ती सुरुवातीची गिटार तोंड मिटून नाकानं गुणगुणता येते, तीही पाण्याखाली. नवशिक्यांना पाण्यात श्वास सोडायला शिकवतात ते असंच, गुणगुणायला लावून. जे नाकानं गुणगुणता येत नाही ते गाणं पाण्यात मार खातं.

आणि म्हणूनच माझं नावडतं गाणं ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. पहिली चार मिनिटं ठीक. मग शब्द संपतात आणि दोन गिटार दोन मिनिटं एकमेकींना गुंफत राहतात. ऐकायला अप्रतिम, पण एका नाकानं दोन गिटार वाजवायच्या कशा? आमच्या लेनमध्ये हे कुणालाच पटत नाही. ईगल्सच्या बाजूनं तिघं आहेत, आणि त्यातला एक माझ्यापुढे पोहतो. त्याच्या पायाच्या तळव्याला बोट लावून "मला पुढे जाऊ दे" असं सांगण्याइतकी मी वेगवान होत नाही, तोवर बहुमत त्यांचंच.