साडेअकरा सेंटिमीटर
(अतिदुर्गम पाड्यांवर पोषणाच्या कामासाठी रुजू होणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण आता नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर काम करणार आहेत. तिथलं गाव म्हणजे एका ठिकाणी बसलेली वस्ती नव्हे. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या टेकडीवर. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना तर बोटीनेच जावं लागतं. अशा ठिकाणी दिवसाला पंचवीस घरं करू असा हिशेब मांडलात तर पहिल्याच आठवड्यात मोजमाप ढिलं पडेल. दहाच घरं करा, पण प्रत्येक घरी माप नेमकं घ्या. आज मी मुख्यतः मापाबद्दलच बोलणार आहे, कारण कुपोषित मूल सापडतं ते हातातल्या पट्टीवर, आणि निसटतं तेही तिथेच.

दंडघेराची, म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 च्या आत पिवळं, मध्यम. तीव्र आणि मध्यम यांच्यात फरक काही मिलिमीटरचा, आणि तेवढी चूक हात सहज करतो. मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक बोटांनी चाचपून शोधा, त्यांच्यातलं अंतर मोजा आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सरळ सोडून द्या. पुष्कळ जण हात वाकवलेलाच ठेवून माप घेतात. तसं केलं की स्नायू फुगतो आणि आकडा वाढतो. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. पट्टी आवळली तर बरं मूल लाल दिसतं, सैल राहिली तर लाल मूल पिवळ्यात जातं. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते. बाही पूर्ण काढा, दंडावर दोरा असेल तर आईला विचारून खाली सरकवा. जुनी पट्टी ताणली जाते, म्हणून महिन्यातून एकदा ती पोलादी मोजपट्टीवर ठेवून तपासा.

वय कळत नसेल तर अडून बसू नका. होळीच्या आधी जन्मलं की नंतर, पेरणी झाली होती का, दिवाळीला रांगत होतं का, असं विचारलं की महिना सापडतो. तेही जमलं नाही तर 65 सेंटिमीटर उंची म्हणजे साधारण सहा महिने आणि 110 म्हणजे पाच वर्षं असं धरतात. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. उभं राहायला तयार नसल्यामुळे मोठ्या मुलाला झोपवूनच मोजलं तर आलेल्या मापातून 0.7 सेंटिमीटर वजा करा.

काटा. अजून कित्येक ठिकाणी लटकवायचा स्प्रिंगचा काटाच वापरात आहे. त्याची स्प्रिंग थकली की ती जास्त ताणते आणि वजन खरं असतं त्याहून जास्त दाखवते. काट्यातला हा दोष मुलांना निरोगी ठरवतो, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. किराणा दुकानातलं लोखंडी दोन किलोचं वजन आणि पाच किलोचं वजन आळीपाळीने लटकवून पाहा, दर वेळी पाहा. झोळी लावल्यानंतर काटा शून्यावर आणा, आधी नव्हे. मुलाचा पाय जमिनीला किंवा तुमच्या गुडघ्याला टेकलेला नसावा. उपचारावरच्या मुलाचं वजन दर किलोमागे रोज किमान पाच ग्रॅम वाढायला हवं. सहा किलोचं मूल असेल तर आठवड्याला 210 ग्रॅम. स्प्रिंगच्या काट्यावर दोन रेघांमधलं एक घर शंभर ग्रॅमचं, म्हणजे एक घर चुकलं की अर्ध्या आठवड्याची वाढ गेली किंवा फुकटची आली. म्हणून तोच काटा, तीच वेळ, अंगावर तेवढेच कपडे.

आणि पाय पाहा. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठा तीन सेकंद दाबून धरा, सोडा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर ती सूज कुपोषणाची असू शकते. अशा मुलाचं वजन पाण्यामुळे भरलेलं दिसतं, दंडही ठीक भरू शकतो. सूज असलेलं मूल पाड्यावर ठेवायचं नाही, पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना भरती करून घेणाऱ्या केंद्रात पाठवायचं. तीव्र कुपोषित मूल भूक चाचणीत (उपचाराचं खाणं समोर ठेवून ते खातं का हे पाहतात, त्यात) खात नसेल, सुस्त असेल, सारखं ओकत असेल तर त्यालाही तोच नियम.

आता खाण्याकडे वळू. मुलाचं पोट एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर घेतं. सहा किलोचं मूल म्हणजे 180 मिलिलिटर, जेमतेम एक वाटी. त्या वाटीत पातळ पेज भरली की पोट भरतं आणि वजन हलत नाही. आईला 'जास्त खाऊ घाला' म्हणून काही उपयोग नाही, कारण मूल आधीच पोटभर खातंय. वाटी तेवढीच ठेवून आतलं अन्न दाट करायचं. एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे 45 कॅलरी. दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घाला, पण अख्खे दाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. खवट वास येणारे, बुरशी आलेले दाणे निवडून फेकायला सांगा.

आपल्या खानदेशातली कळण्याची भाकर मुलांसाठी फार मोलाची आहे. चार माप ज्वारीला एक माप उडीद, हे प्रमाण घरोघरी थोडं बदलतं. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं, ते लायसिन (प्रथिनाचाच एक घटक) उडदात भरपूर असतं. भाकर गरम असतानाच वरणात कुस्करून तेल घातलं की झालं. बाहेरून काही आणायचं नाही आणि सासूबाईंनाही ते परकं वाटत नाही. पाड्यावर बऱ्याचदा त्यांच्या शब्दाला आईपेक्षा जास्त वजन असतं, म्हणून सल्ला त्यांच्यासमोरच द्या.

दाट खिमट मुलाला गिळवत नसेल तर आई त्यात पाणी ओतते आणि आपण पुन्हा पातळ पेजेवर येतो. त्यावर उपाय मोडाच्या पिठाचा. नागली, म्हणजे नाचणी, रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधून मोड आणा, उन्हात वाळवा, मोड चोळून काढा, मंद आचेवर किंचित भाजून दळा. करपवलं तर त्यातला पिष्ट पचवणारा घटक मरतो आणि पीठ कामाचं राहत नाही. खिमट चुलीवरून उतरवा, खदखदणं थांबू द्या, मग एक चमचा पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत चमच्यावरून ओघळेल इतकं ते सैल होतं. पाणी एक थेंबही वाढलेलं नसतं. मग एक उकळी देऊन कोमट झालं की भरवा. ज्वारीला मोड आणत असाल तर कोवळे अंकुर पूर्ण चोळून टाका, त्यांत विषारी अंश असतो.

आई शेतावर गेली की बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. भरवते तीच. तिला हात धुवायला शिकवा, बाळाची वाटी वेगळी ठेवायला शिकवा, चार घासांनंतर बाळाने तोंड फिरवलं तर थोडं थांबून पुन्हा भरवायला शिकवा. हे सगळं ती एका दुपारी शिकते.

पावसाळ्यात जुलाब येतात. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या तांब्यात अर्धं पाकीट नको, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. झिंक 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळीही थांबते, म्हणून चौथ्या दिवशी त्या घरी जाच.

सरकारच्या अमृत आहार योजनेतली अंडी, पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवरच्या नोंदी, हे तुम्हाला अंगणवाडीताई माझ्यापेक्षा चांगलं दाखवतील. रेंज नसते, तेव्हा आकडा आधी वहीत लिहा.

दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला निघतात आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. निघण्याची तारीख मुकादमाकडून आधीच काढा. त्या आठवड्यात वजन, दंडघेर, दिलेली औषधं, राहिलेली लस हे सगळं एका कार्डावर लिहून आईच्या हातात द्या, कुठल्या गावाला चालली ते वहीत घ्या. होळीला बहुतेक जण परततात, आणि त्याआधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा मोठा बाजार, भरतो. बाजाराच्या दिवशी घरोघर जाऊन कोणी भेटणार नाही, सगळे तिथेच असतात. काटा न्यायची गरज नाही. खिशात पट्टी ठेवा, बाजाराच्या तोंडाशी सावलीत बसा, मूल दिसलं की दंड मोजा, पावलांवर अंगठा दाबा, आणि लाल निघालेल्या मुलाचा पाडा बाजार उठायच्या आत लिहून घ्या.