तारखेला गेलेला पोरगा आणि अर्धी राहिलेली मोटर

नमस्कार मंडळी. आपल्या नागपुरात वर्धा रोडनं रोज जाणाऱ्यांना माहीत आहे, राहाटे कॉलनी चौकापासून पुढं ती जेलची लांबच लांब भिंत लागते, इंग्रजांच्या काळातली, आता बाजूनं मेट्रो जाते आणि लोकं मोबाईलमध्ये डोकं घालून अजनी चौकात उतरतात. मी पण वर्षानुवर्षं तसाच गेलो, भिंतीच्या आत काय चालते हा विचार डोक्यात आलाच नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला इन्स्ट्रक्टर होतो. रिटायर झाल्यावर एकानं विचारलं, सर, जेलमधल्या पोरांना मोटर वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळणं, शिकवाल का, आठवड्यातून दोन दिवस. जेल आपल्या विदर्भातलंच, कोणतं ते सांगत नाही, त्याची गरज पण नाही.

मी कूलरची मोटर निवडली. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर कोणाच्या घरी नाही सांगा, आणि एप्रिलमध्ये मोटर जळाली की माणूस दुकानदाराच्या हातापाया पडतो, भाऊ आजच्या आज करून दे. म्हणजे या कामाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आमच्या बॅचमध्ये एक पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा असेल, कच्चा कैदी. मंडळी, जेलमध्ये दोन प्रकार असतात, ज्याला शिक्षा लागली तो पक्का आणि ज्याची केस अजून सुरू आहे तो कच्चा. या पोराचा हात फार चांगला होता. जुनं वाइंडिंग काढताना एकेक फेरा मोजून वहीत लिहायचा, तारेचा गेज बरोबर सांगायचा, स्लॉटमध्ये इन्सुलेशन पेपर असा बसवायचा की मी वीस वर्षांत इतके सफाईदार हात थोडेच पाहिले. रनिंगच्या कॉइल टाकून झाल्या, स्टार्टिंगच्या झाल्या, आता फक्त कनेक्शन, कपॅसिटर आणि वार्निश राहिलं होतं. पुढच्या वेळी गेलो तर पोरगा नाही. कोर्टात तारखेला गेला होता, जामीन झाला, तिकडूनच सुटका. मला आनंद झाला, खरंच झाला, घरी गेला बिचारा. पण टेबलावर ती मोटर तशीच पडली होती, आणि त्याच्याजवळ काय होतं तर काहीच नाही, सर्टिफिकेट नाही, कारण कोर्स सहा महिन्यांचा आणि हा राहिला साडेतीन महिने.

आता हा एकट्याचा किस्सा नाही, म्हणून तर तुमच्यासमोर बोलून राहिलो. 2022 च्या अखेरीस देशातल्या जेलांमध्ये 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे चारातले तीन, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वर्षभराच्या आतले. आणि आपले कोर्स, मशीन, शेड, सगळं डोळ्यासमोर पक्का कैदी ठेवून केलेलं, कारण तो पाच-दहा वर्षं कुठं जात नाही, त्याच्याकडून सुतारी करून घेता येते, विणकाम, शिवण करून घेता येते, दिवाळीत त्या वस्तूंचा स्टॉल लागतो. चांगलंच आहे ते. मोर्शीला खुलं कारागृह आहे, तिथं पण पक्केच. कच्च्याला तर सक्तीनं काम सांगता येत नाही, त्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही नं. मग तो दिवसभर बराकीत बसून राहतो, आणि बराकीत बसून तो कोणाकडून काय शिकते हे मी वेगळं सांगायला नको.

पैशाचं म्हणाल तर 2019-20 मध्ये कैद्यांवर झालेल्या खर्चातला जवळजवळ निम्मा जेवणावर गेला, तो जायलाच पाहिजे, भाकरीत काटछाट नको. पण शिक्षण आणि ट्रेनिंगवर किती? साधारण सव्वा टक्का. शंभर रुपयांतला सव्वा रुपया! आणि या लोकांमध्ये चौथा हिस्सा असा आहे की ज्याला लिहिता-वाचता येत नाही, स्वतःच्या चार्जशीटवर अंगठा मारतो.

बरं, शिकण्याची इच्छा नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण या मुक्त विद्यापीठांची केंद्रं जेलांमध्ये आहेत, माणसं ग्रॅज्युएट होऊन बाहेर पडतात, पक्क्याला परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत माफी मिळते. माफी म्हणजे शिक्षेचे काही दिवस कमी होतात. पण कच्च्याला शिक्षाच नाही तर माफी कशातून देणार.

आणि शिक्षणावर लावलेला पैसा वाया जात नाही, अमेरिकेचंच पाहा. तिथं 1994 मध्ये कायदा करून कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत बंद केली होती, लोकांचा राग होता की गुन्हेगाराला फुकट शिक्षण कशाला. 2013 साली तिथल्या रँड या संशोधन संस्थेनं हिशोब काढला की जेलमधल्या शिक्षणावर 1 डॉलर लावला तर माणूस परत आत येण्याचा 4 ते 5 डॉलर खर्च वाचतो. 2023 च्या जुलैपासून ती मदत पुन्हा सुरू झाली. एकोणतीस वर्षं गेली मधात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की जो काही पैसा आहे तो आधी कच्च्या कैद्याकडे वळवा. सहा महिन्यांच्या कोर्सचे पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं सर्टिफिकेट द्या, त्याच्यावर नाव आयटीआयचं पाहिजे, जेलचं नको, नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत तो कागद दाखवल्याबरोबर माणूस गेटवरूनच वापस. आणि राहिलेले तुकडे बाहेर येऊन कुठल्याही आयटीआयमध्ये पूर्ण करता आले पाहिजेत. याला नवीन बिल्डिंग लागत नाही. लागतो मास्तर. मशीनसाठी पैसा येते, फोटो निघतो, पण मास्तरच्या मानधनाची फाईल फिरत राहते, आणि मग मशीनवर कापड झाकून ठेवतात, मी स्वतः पाहिलं आहे.

आणखी एक. कोणाला काय शिकवायचं हे जात पाहून ठरता कामा नये. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं जेलमध्ये जातीवरून काम वाटणं घटनाबाह्य ठरवलं, म्हणजे झाडू कोणाच्या हातात आणि स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या हातात हे आता तरी बदललं पाहिजे.

तो पोरगा मला नंतर भेटला बरं का. कॉटन मार्केटजवळ, हातगाडीवर संत्री विकत होता, त्यानंच हाक मारली, सर ओळखलं का. घरी बोलावलं. दोन दुपारी माझ्या ओसरीत बसून कनेक्शन शिकला. दोन दुपारी, बस! सिरीज बोर्डवर, म्हणजे मोटर तपासायच्या बोर्डवर, लावली मोटर, फिरली, आणि तो पाहतच राहिला. पण मल्टिमीटर, पक्कड, सोल्डरिंग गन, वाइंडिंगचा हँडल, तार, हे सगळं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून परत संत्र्यावर.

म्हणून सुटणाऱ्या माणसाच्या हातात अवजारांची पेटी पाहिजे, आणि ती वेळेवर पाहिजे. आपल्याकडं सरकारी पैसा मार्च एंडला खर्च होते, ३१ तारखेच्या आत बिलं काढायची घाई, मग वस्तू येतात मे-जूनमध्ये. कूलरवाल्याचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की संपते. डिसेंबरात इथं आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशन असते, पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर लागणारा जादा पैसा, तिथंच मांडल्या जातात. तेव्हा मंजूर झालं तर जानेवारीत पेटी हातात येऊ शकते. तुमच्या भागातले आमदार त्या दिवसांत इथंच असतात, त्यांना भेटा आणि हा डिसेंबरचा हिशोब त्यांच्या कानावर घाला.