दगड थांबेपर्यंत : पर्माकल्चरच्या शिबिरातले १४ दिवस

(दृश्य : तीन काठ्या, सुतळी, तळहातावर तोललेला दगड.)

दोन काठ्या, सारख्या लांबीच्या, सात-सात फुटी. टोकाशी सुतळीनं करकचून बांधायच्या, पाय फाकवायचे आणि मधे तिसरी काठी आडवी. वरच्या गाठीतून दोरी सोडायची, तिच्या टोकाला मुठीएवढा दगड. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तोच. इंग्रजी ‘ए’सारखी दिसते म्हणून हिला ए-फ्रेम म्हणतात. उतारावर समपातळी शोधायचं हे साधन. खर्च काय तो सुतळीचा.

उदगीरच्या पुढं, जिथं एकाच आठवडी बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडते, तिथल्या एका मुरमाड माळावर पर्माकल्चरचं, म्हणजे जंगलाकडे बघून शेताची मांडणी करायला शिकवणारं, हे निवासी शिबिर आहे. ११ मुलं-मुली, वय २० ते २७. कुणी नर्सिंग केलेलं, कुणी पुण्यातल्या कॉल सेंटरमधून आलेलं, कुणी दोन वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घालवलेली. सात जणांच्या घरी शेती आहे. त्यातल्या चौघांनी कुदळ पहिल्यांदा धरली ती इथं.

(दृश्य : जमिनीवर दोन खुणा. आडव्या काठीवर कोळशाची रेघ.)

काठी तयार झाली, पण ती खरं बोलते का? त्यासाठी दोन्ही पायांखाली जमिनीवर खूण करायची. दगड डुलायचा थांबला, की दोरी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं कोळशानं रेघ. मग काठी फिरवायची, डाव्या पायाच्या जागी उजवा. पुन्हा दगड थांबू द्यायचा, पुन्हा रेघ. या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी. जमीन चढउताराची असो, काठ्या वाकड्या असोत, हा मध्य चुकत नाही.

ही मुलगी २२ वर्षांची, लातूर जिल्ह्यातली. दगड थांबायची वाट बघतेय. वारं आहे, दगड थांबत नाही. हा शॉट आम्ही जवळजवळ अख्खा ठेवलाय. “पोरांनी १४ दिवस तिथं जाऊन करायचं तरी काय?” असं आम्हाला फोनवर विचारणाऱ्या पालकांनी तो शेवटपर्यंत बघावा.

(दृश्य : माळावर उमटत जाणारी पांढरी रेघ, वरून.)

एक पाय पक्का. दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या रेघेवर आणायची आणि तिथं फक्कीची चिमूट टाकायची. मग पुढचं पाऊल. दोन तासांनी माळावर पांढरी रेघ उभी राहते, ती नागमोडी. बाभळीपाशी आत वळलेली, खडकापाशी बाहेर आलेली. पोरांना वाटलं, आपलं चुकलं. पुन्हा मोजलं. रेघ बरोबर होती, उतार डोळ्यांना वेगळा दिसला होता.

महाराष्ट्राला ही रेघ नवी नाही. २०१६ ते २०१९ या, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत कितीतरी गावांनी हायड्रोमार्करच्या पारदर्शक नळीत पाणी भरून अशाच समपातळीच्या रेघा आखल्या आणि श्रमदानानं चर खोदले. या मुलीची आईसुद्धा तेव्हा पहाटे घमेलं घेऊन जायची. मुलगी दहावीच्या क्लासला होती. आई काय करायला जात होती ते तिला इथं आल्यावर कळलं.

(दृश्य : कुदळी. मुरूम. हाताला आलेले फोड.)

रेघेवर चर. दीड फूट खोल, तळ सपाट. निघालेली माती उताराच्या बाजूला, म्हणजे तिचा आपोआप बांध होतो. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या, शेवगा, सीताफळ, मधल्या जागेत तूर. गिरिपुष्पाची नुसती फांदी रोवली तरी फुटते, तिचा पाला जमिनीला नत्र देतो, छाटून टाकला की आच्छादन होतं. एका झाडाकडून तीन कामं करून घ्यायची. पर्माकल्चर म्हणतात ते हेच.

शब्द परका आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या गुरु-शिष्यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. जंगलाला कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी ते उभं असतं. मग शेताची मांडणी जंगलाकडे बघून का करू नये, असा त्यांचा प्रश्न. त्यातून ७२ तासांचा अभ्यासक्रम तयार झाला आणि तो जगभर शिकवला जातो.

मॉलिसन १९८७ मध्ये भारतात शिकवायला आले, आणि ही विद्या आपल्या अगदी शेजारी रुजली. सोलापूरहून हैदराबादला जाताना झहीराबाद लागतं. तिथून जवळच पस्तापूर. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचं काम तिथलं. तिथं घडलेल्या नरसण्णा कोप्पुला यांनी पुढं ‘अरण्य’ ही संस्था काढली, आणि २०१७ मध्ये हैदराबादला पर्माकल्चरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

पस्तापूरच्या परिसरात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. तिथल्या संघमच्या, म्हणजे गावोगावच्या बायकांच्या गटांतल्या, दलित शेतकरी बायका एकाच कोरडवाहू रानात ज्वारी, बाजरी, राळे, तूर, मूग, अंबाडी एकत्र घेतात. बियाणं घरात राखतात. २००८ पासून स्वतःचा रेडिओ चालवतात, कॅमेराही चालवतात. त्यांना हे टास्मानियानं शिकवलेलं नाही. आपल्याकडे ज्वारीच्या कडेनं करडई पेरायचे. का? काटे टोचतात म्हणून जनावर आत शिरत नाही, आणि घरचं तेलही होतं. शिबिरातल्या काकांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात पाचजणांनी एकदम मान वर केली. आजीच्या शेतात त्यांनी ते पाहिलेलं होतं.

(दृश्य : पहाट. ढिगातून निघणारी वाफ.)

हा खताचा ढीग, कमरेइतका उंच. वाळलेला पाला, ओला पाला, शेण, थर-थर. ढीग रचल्यावर चौथ्या दिवशी यात लोखंडी सळई खुपसली. दहा मिनिटांनी बाहेर काढली.

(दृश्य : सळई धरलेला हात, झटकन सुटतो.)

आत विस्तव नाही, वीज नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव पाला खातायत, त्यांची ही ऊब. ढीग फार ओला झाला तर कुजका वास येतो, फार कोरडा झाला तर थंड पडतो. मूठभर उचलून पिळायचं, एखाद-दुसरा थेंब बोटांतून निघाला की ओल बरोबर. दर दोन दिवसांनी ढीग उलटायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत. कॉल सेंटरमधून आलेला मुलगा रोज सगळ्यांच्या आधी उठून इथं यायचा. आम्ही त्याला काही विचारलं नाही. तो ढिगावर हात ठेवून उभा आहे, ते बघा.

(दृश्य : रात्र. पत्र्यावर पाऊस. बॅटरीच्या उजेडात पळणारी पोरं.)

मृग लागला आणि नवव्या रात्री पाऊस आला. पडवीबाहेर सरळ काठाचा डबा ठेवला होता. सकाळी त्यात २५ मिलिमीटर पाणी. एका एकरावर एवढा पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर. १० हजार लिटरचे १० टँकर, एका रात्रीत, फुकट. शेजारच्या उघड्या रानातून लाल पाणी ओढ्याकडे चाललं होतं. इथं चर काठोकाठ भरलेला, आणि पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत.

(दृश्य : चर. पाण्यात आभाळ. काठावर बसलेली अकरा जणं. निवेदन नाही.)

आमचं मत विचाराल तर पुढं काय करायचं ते सुचत नसलेल्या विशीतल्या पोराला घरच्यांनी असे १४ दिवस द्यावेत. शिबिराचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला कामाचं नाही, आणि घरची शेती पहिल्याच वर्षी फायद्यात येईल असं इथं कुणी सांगत नाही. पैसे भरण्याआधी शेत बघून यावं. तिथल्या माणसांचं पोट पिकावर चालतं की फीवर, हे सरळ विचारावं. पोरं दिवसभर चिखलात असतात की पडद्यासमोर, तेही.

(दृश्य : ऑगस्ट. औसा तालुका. सोयाबीनचं रान.)

दोन महिन्यांनी आम्ही त्या मुलीच्या गावी गेलो. परीक्षेचा अभ्यास चालूच आहे, सकाळी. रानाच्या कडेला पडीक पट्टा आहे, सोयाबीन न पेरलेला. काठ्या तिनं घरच्या बाभळीच्या काढल्या होत्या. एक पाय तिनं धरला, दुसरा वडिलांनी. फक्की संपली म्हणून चुलीतली राख टाकत गेले. रेघ वळत वळत बांधापाशी आली. पलीकडे चुलत्याचं रान. उतार तसाच पुढं जातो.

आम्ही कॅमेरा आवरत होतो तेव्हा वडील बांधावर चढून भावाला हाक मारत होते.