ब्रिटनचे मंत्री कशावरून जोखावेत?

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रिटनचे ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनी एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की, आपल्या देशाचा मालव्यापार इंग्लंडमधील डोव्हर ते फ्रान्समधील कॅले या बंदरांमधल्या एका सागरी मार्गावर किती अवलंबून आहे, याची पूर्ण कल्पना आपल्याला आली नव्हती. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, म्हणजेच ब्रेक्झिटचा, कौल देणाऱ्या सार्वमताला तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि त्यासाठी स्थापन केलेले खाते त्यांच्याच हाती होते. राब हे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे शिकलेले, परराष्ट्र खात्यात वकील म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घ्यायला जागा नाही, आणि म्हणूनच ती कबुली मला अधिक गंभीर वाटते.

ब्रिटिश राजकारण्यांची पारख करताना चर्चा बहुधा शाळा आणि विद्यापीठ यांपाशीच अडते. तिला आधार नाही असे नाही. त्या देशातली जेमतेम सात टक्के मुले खासगी शाळांत शिकतात, पण २०१९ साली बोरिस जॉन्सन यांनी बनवलेल्या पहिल्या मंत्रिमंडळात अशा शाळांतून आलेल्यांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते. कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक हे ओळीने पाच पंतप्रधान ऑक्सफर्डचे. इतक्या अरुंद वाटेने सत्तेवर आलेल्यांना कारखाने बंद पडलेल्या उत्तरेकडील गावांचे दुःख कितपत दिसते, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तेवढ्यावरून कोणाच्या क्षमतेचा निवाडा होत नाही. सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडेही त्यांच्या वंशाचे आणि सासुरवाडीचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांच्या कारभाराची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली, याची मला खंत वाटते.

कॅरन ब्रॅडली या काही ईटन या उच्चभ्रूंच्या खासगी शाळेच्या परंपरेतल्या नव्हेत. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात गणित शिकून त्या चार्टर्ड अकाउंटंट झाल्या. उत्तर आयर्लंडच्या मंत्री असताना २०१८ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत मान्य केले की, तिथे आयर्लंडशी एकीकरण मागणारे लोक ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या पक्षांना मते देत नाहीत, ही गोष्ट पद स्वीकारण्यापूर्वी त्यांना उमगलेली नव्हती. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या कराराने आलेली शांतता आणि ब्रेक्झिटमुळे नव्याने उभा राहिलेला सीमेचा प्रश्न, या दोहोंशी ज्या खात्याचा थेट संबंध होता, त्या खात्याच्या मंत्र्यांचे हे उद्गार होते.

सप्टेंबर २०२२ मधील घटना तर अधिक तपशिलात पाहण्याजोग्या आहेत. लिझ ट्रस लीड्सच्या सरकारी शाळेतून ऑक्सफर्डला गेलेल्या. त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग ईटन आणि केंब्रिजचे, आणि त्यांची डॉक्टरेट सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडवर आलेल्या चलनसंकटाविषयीची. चलनावरचा विश्वास उडाला म्हणजे काय होते, हे त्यांच्याइतके बारकाईने वाचलेला अर्थमंत्री विरळाच. तरीही पदावर येताच त्यांनी अर्थखात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना दूर केले आणि २३ सप्टेंबरला, अर्थसंकल्पाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या संस्थेचा अंदाज जाहीर न करताच, सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती मांडल्या. भरपाईचा पैसा कुठून येणार, हे सांगितलेच नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकाला गेला, सरकारी रोख्यांचे व्याजदर झपाट्याने चढले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्ज पौंडांपर्यंतचे रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. घरकर्जाचे वाढलेले हप्ते भरण्याची वेळ मात्र सामान्य कुटुंबांवर आली. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांचे पद गेले, २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

येथे उणीव ज्ञानाची नव्हती, जाणत्याचे ऐकण्याची होती. तिची लक्षणे आधीपासून दिसत होती. युरोपीय संघातील ब्रिटनचे राजदूत आयव्हन रॉजर्स यांनी जानेवारी २०१७ मध्ये पद सोडले आणि निराधार युक्तिवादांना व गोंधळलेल्या विचारांना आव्हान देत राहा, असे आपल्या सहकाऱ्यांना लिहिले. संघाची कार्यपद्धती इतकी जवळून जाणणारा माणूस वाटाघाटी सुरू होण्याआधीच बाहेर पडला, ही माझ्या मते त्या सगळ्या काळातील एक मोठी हानी होती. थेरेसा मे यांच्या कष्टाळूपणाविषयी दुमत नाही. सहा वर्षे गृहखाते सांभाळलेल्या त्या मंत्री होत्या. पण संघाशी कोणत्या गोष्टींत तडजोड करायची नाही, हे त्यांनी मोजक्या माणसांत ठरवून टाकले, आणि १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा संघातून बाहेर पडण्याचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी विरोधात मत दिले होते.

वेगळे उदाहरण अर्नेस्ट बेव्हिन यांचे. त्यांनी अकराव्या वर्षी शाळा सोडली. शेतमजुरी आणि गाडी हाकण्याचे काम करून ते कामगार संघटनेत शिरले, युद्धकाळात कामगारमंत्री झाले आणि १९४५ मध्ये परराष्ट्रमंत्री. उच्चभ्रू घराण्यांतून आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याविषयी आदर बाळगला, कारण बेव्हिन त्यांच्याकडून समजून घेत, वाद घालत आणि निर्णयाची जबाबदारी स्वतः उचलत. १९४९ मध्ये नाटोची स्थापना झाली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. यात त्यांच्या गुणांइतकाच त्यांना मिळालेल्या अवधीचाही भाग आहे. साडेपाच वर्षांहून अधिक काळ ते त्या एकाच खात्यात होते. याउलट २०२२ या एकाच वर्षात ब्रिटनमध्ये पाच जण शिक्षणमंत्री होते, आणि त्यांतल्या मिशेल डोनेलन यांना त्या खात्यात पुरते दोन दिवसही मिळाले नाहीत.