घटनेत समानता आहे, मग वेगळा कायदा कशाला?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सतत येतोय: "समानतेचा हक्क घटनेत आहेच, मग भेदभावविरोधी नवा कायदा कशाला?" आज त्याचं उत्तर देतो.

घटनेतली समानतेची कलमं, 14 ते 17, आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीत, त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा असा की कलम 15(1) भेदभाव करू नका असं बजावतं ते शासनाला. तुमच्या घरमालकाला नाही, खासगी कंपनीच्या एचआरला नाही.

माझी एक मैत्रीण मुंबईत भाड्याने वन बीएचके शोधत होती. फ्लॅट पसंत पडला, भाडं-डिपॉझिट ठरलं. टोकन देताना एजंटने पूर्ण नाव विचारलं. संध्याकाळी फोन: "मॅडम, सोसायटी नाही म्हणतेय." ती चिडून म्हणाली, मी हायकोर्टात रिट, म्हणजे मूलभूत हक्कासाठीची याचिका, टाकते. पण टाकणार कुणावर? घरमालक म्हणजे शासन नव्हे. तिला 15(1) चा आधार मिळत नाही.

आणि हे माझं एकट्याचं मत नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सांगितलं, सदस्यत्व फक्त पारशांना देणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, वैध आहे. घटना तीच, कोर्टही तेच.

यावर एका दर्शकाने लिहिलं, "15(2) विसरलात का?" नाही विसरलो. सार्वजनिक ठिकाणी जात-धर्म बघून कुणाला अडवू नका, असं सांगणारं ते कलम नागरिकांनाही लागू आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे त्यात. चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रह ज्यांना माहीत आहे, त्यांना ही यादी कुठल्या वेदनेतून आली हे सांगावं लागत नाही. पण त्या यादीत भाड्याचं घर नाही, नोकरी नाही.

आता हेच तिसऱ्या बाजूने बघा. एचआयव्ही असल्यामुळे घर नाकारलं तर 2017 चा कायदा मदतीला आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तीला नाकारलं तर 2019 चा आहे. मुस्लिम म्हणून नाकारलं, एकटी बाई म्हणून नाकारलं, तर? असा सरळ कायदा केंद्राने केलेलाच नाही. दलितांसाठी 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण ते फौजदारी. एफआयआरसाठी पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवा, गुन्हा निःसंशय सिद्ध करा. शिक्षा झालीच, तरी तो फ्लॅट थोडाच मिळणार आहे! मला राग येतो तो याचा. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच आधी शोधायचं, आपण कुठल्या कायद्यात बसतो.

ब्रिटनमध्येही असेच तुकडे होते: लिंगभेदाचा 1975 चा कायदा, वंशभेदाचा 1976 चा, अपंगत्वाचा 1995 चा. ते आणि बाकीचे 2010 मध्ये एका समानता कायद्यात आणले. त्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी तरतूद म्हणजे, तक्रारदाराने प्रथमदर्शनी भेदभाव दाखवला की तो झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. "सोसायटी नाही म्हणतेय" एवढ्यावर भागत नाही, कारण द्यावं लागतं. जात मात्र तिथेही स्पष्टपणे घातलेली नाही. 2013 मध्ये तशी तरतूद ठरली होती, 2018 मध्ये सरकारने माघार घेतली.

आपल्याकडे मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये भेदभावाच्या तक्रारींसाठी समान संधी आयोग सुचवला. खासदार शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी कायद्याचं खासगी विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही.

"मग घरमालकाच्या स्वातंत्र्याचं काय?" हाही प्रश्न आलाय. भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवाल का, हे त्याने जरूर विचारावं. त्यासाठी जात-धर्म कळायची गरज नाही.

आणि तोंडी नकार आला, तर त्याच दिवशी एजंटला मेसेज टाकून कारण विचारा. उत्तर जपून ठेवा. वर सांगितलेल्या कायद्यांत तुम्ही बसत असाल, तर ते आजही पुरावा म्हणून कामाला येतं.