बराकीतली शाळा आणि १९१२ चा हंगाम

[पडद्यावर: शेजारीशेजारी दोन जुने फोटो]

हे दोन्ही फोटो एकाच तरुणाचे आहेत. डावीकडे मोकळे लांब केस, कानांत मोठ्या बाळ्या, गळ्यात माळ. उजवीकडे आखूड केस, कोट, कडक कॉलर. टॉम टॉर्लिनो त्याचं नाव, नावाहो जमातीचा. 'आणला तेव्हा असा होता, आता बघा कसा झालाय,' हे लोकांना पटवायला शाळेनेच हे फोटो काढून घेतले होते.

शाळा होती अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली पलटणीच्या रिकाम्या बराकींत ती उघडली. मूळनिवासी जमातींची मुलं आईबापांपासून दूर आणायची, केस कापायचे, नावं बदलायची, मातृभाषा तोंडातून निघाली तर शिक्षा करायची. 'त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा,' हे प्रॅटचं सूत्र. इंडियन म्हणजे अर्थात आपण नव्हे, कोलंबसच्या चुकीतून ज्यांच्या माथी हे नाव बसलं ते.

कॉलेज म्हणावं असं तिथे काही नव्हतं. सुतारकी, लोहारकी, शिवणकाम शिकवणारी ती शाळा. पण तिचा फुटबॉल संघ मोठमोठ्या कॉलेजांना जड जायचा. १९११ साली या पोरांनी हार्वर्डला १८-१५ असं हरवलं होतं. हा फुटबॉलही आपला नव्हे. लंबगोल चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो खेळ.

[पडद्यावर: संघाचा फोटो, एकेका चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो]

हा जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच खेळांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा खेळांची) अशी दोन सुवर्णपदकं घेऊन तो परत शाळेत आलाय. हा गस वेल्श, क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात चाली ठरवणारा, संघाचं डोकं. हा अ‍ॅलेक्स आर्कासा. हा गायॉन, पहिलं नाव जो. आणि हे प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, सगळे त्यांना 'पॉप' म्हणायचे.

त्याच वर्षी खेळाचे नियम बदलले. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याचे, गुण पाचाचे सहा झाले, चेंडू पुढे कितीही लांब फेकायची मुभा मिळाली. धिप्पाड गड्यांच्या ढकलाढकलीपेक्षा पळणाऱ्याला भाव आला. कार्लाइलची पोरं अंगाने हलकी. त्यांना आणखी काय हवं होतं!

सप्टेंबरात सुरुवात झाली. ऑलब्राइटला ५०-७. लेबनन व्हॅलीला ४५-०. व्हिलानोव्हाला ६५-०. मध्ये एक सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला, तेवढंच. ऑक्टोबरअखेर एका शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाऊनला हरवलं आणि सोमवारी कॅनडात, टोरांटोत, हीच पोरं मैदानात हजर. तिथेही ४९-१. मोठे सामने बहुतेक परक्या मैदानावर होत, कारण गल्ला तिथे जमे.

[पडद्यावर: हडसन नदी, वेस्ट पॉइंटच्या दगडी इमारती]

९ नोव्हेंबर १९१२. वेस्ट पॉइंट. अमेरिकी लष्कराचे अधिकारी जिथे घडतात, ती अकादमी. बावीस वर्षांपूर्वी साउथ डकोटात, वूंडेड नी इथे, याच लष्कराने लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या बायकापोरांवर गोळ्या झाडल्या होत्या. सामन्याआधी वॉर्नरने पोरांना त्याची आठवण करून दिली, असं सांगतात. दिलीही असेल. पण बराकीत वाढलेल्या या पोरांना तेवढ्यासाठी गोऱ्या प्रशिक्षकाची गरज होती, असं काही वाटत नाही.

पहिला टचडाऊन लष्कराचा. ६-०. मग वॉर्नरने राखून ठेवलेली नवी रचना बाहेर आली. हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे गडी, नेहमीसारखे मागे नाहीत, तर पुढच्या रांगेच्या दोन्ही टोकांना, जरासे बाहेर. चेंडू कोण उचलणार आणि कुठून पळणार, कॅडेटांना कळेना. मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं पुढे. उत्तरार्धात लष्कराचा कर्णधार डेव्होर भडकला. आपल्यापेक्षा कितीतरी हलक्या गायॉनवर त्याने हात टाकला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं.

लष्कराच्या बाजूने बावीस वर्षांचा एक गडी थॉर्पच्या मागे लागला होता. ड्वाइट आयझेनहॉवर. वूंडेड नी घडलं त्याच वर्षी जन्मलेला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. तो आणि एक साथीदार दोन बाजूंनी थॉर्पवर झेपावले. थॉर्प ऐनवेळी थबकला आणि हे दोघेच एकमेकांवर आदळले.

निकाल २७-६. आर्कासाचे तीन टचडाऊन. थॉर्पचं नाव गाजलं, आर्कासाचं आज कुणाला आठवत नाही.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा मार खाल्ला. हंगामातला हा एकच पराभव. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ब्राऊन विद्यापीठाविरुद्ध ३२-० ने शेवट झाला. चौदा सामने, बारा विजय, ५०४ गुण.

[पडद्यावर: वर्तमानपत्रांची कात्रणं]

दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली, की थॉर्प पूर्वी उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी, म्हणून त्याची पदकं परत घेतली. विजेता म्हणून एकट्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं, आणि तो तर १९५३ मध्येच गेला होता.

शाळेत मात्र वेगळंच शिजत होतं. शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांनी सह्यांचा अर्ज केला, त्यात पुढे होता गस वेल्श. १९१४ मध्ये संसदेची समिती चौकशीला आली, फुटबॉलच्या पैशांचा हिशेब निघाला. वेल्शने वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली. याच वेल्शची चाल आणि याच वॉर्नरची रचना दोन वर्षांपूर्वी वेस्ट पॉइंटवर एक झाली होती! अधीक्षक गेले, वॉर्नरही गेले. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली आणि बराकी लष्कराकडे परतल्या. आज तिथे लष्कराचं वॉर कॉलेज आहे.

[पडद्यावर: पांढऱ्या दगडांच्या रांगा]

शाळेत मेलेल्या मुलांची थडगीही त्याच आवारात आहेत. २०१७ पासून लष्कर ती एकेक करून उघडतंय. अवशेष पेटीत ठेवले जातात, नातलग येतात, आणि मुलं आपापल्या जमातीच्या गावी परत जातात.